सर्वसंमतीचा संघ कसा दुभंगला

मार्च 1948 मध्ये सेवाग्रामला जी बैठक भरली ती खरं तर गांधीजींच्या समोर भरायची होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते दिल्लीहून सेवाग्रामला येणार आणि देशभरच्या रचनात्मक कार्यकर्त्यांशी पुढच्या कामाचा विचार करणार, असं ठरलं होतं. ऑगस्ट 1946 मध्ये त्यांनी आश्रम सोडला होता, त्यानंतर नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली असा आगीचा प्रवास झाला आणि परत येणं राहूनच गेलं. 30 जानेवारीला सगळंच संपलं. महिना-दीड महिन्याने लोक जमले तेव्हा बापूकुटी सारवलेली होती, चटई जागेवर होती आणि ज्याला विचारायचं तो माणूस नव्हता.

11 ते 15 मार्च असे पाच दिवस ही मंडळी बोलत होती. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. दिल्लीहून जवाहरलाल आले, मौलाना आझाद आले. कृपलानी, काकासाहेब कालेलकर, शंकरराव देव, कुमारप्पा, झाकिर हुसेन आणि पवनारहून विनोबा. काही जण आता सत्तेत होते, काही जण अजून गावातच होते, आणि या दोघांमधलं अंतर त्या पाच दिवसांत सगळ्यांना दिसलं. विनोबांनी कुणावर दोष ढकलला नाही. ज्या प्रांतात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जन्मला त्याच प्रांताचा मी आहे, अशी सुरुवात करून त्यांनी आपल्याच माणसांच्या मनातल्या विषाबद्दल सांगितलं. महाराष्ट्राने ते भाषण आजही मुळातून वाचावं.

मृत्यूच्या आदल्या दिवशी गांधीजींनी एक मसुदा लिहून ठेवला होता. काँग्रेसने राजकीय पक्ष म्हणून विसर्जित व्हावं आणि लोकसेवक संघ म्हणून सात लाख खेड्यांत पसरावं, असं त्यात होतं. काँग्रेस विसर्जित होणार नाही हे सेवाग्रामला आलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मग निदान आपण तरी ते करू, या भावनेतून दोन गोष्टी जन्मल्या. एक सर्वोदय समाज: ना वर्गणी, ना शिस्तभंगाची कारवाई, जो स्वतःला सेवक मानेल तो सेवक. दुसरा सर्व सेवा संघ: चरखा संघ, ग्रामोद्योग संघ, तालिमी संघ, गोसेवा संघ अशा विखुरलेल्या संस्थांना एकत्र बांधणारी जुळणी. वर्षातून एकदा संमेलन भरवायचं असं ठरलं आणि ते भरत गेलं. राऊ, अंगुल, शिवरामपल्ली, सेवापुरी, चांडिल, बोधगया, पुरी, कांचीपुरम, कालडी. पुढच्या दहा वर्षांतल्या या गावांची नावं जुन्या सर्वोदयी घरांतली म्हातारी माणसं अजून पाठ म्हणतात.

सर्व सेवा संघ हा पक्ष नव्हता. पक्ष होऊ नये हीच तर त्याची प्रतिज्ञा होती. लोकसेवकाने सत्तेच्या राजकारणात पडायचं नाही आणि कोणत्याही पक्षाचं काम करायचं नाही, अशी निष्ठापत्रावर सही असे. राजनीतीच्या जागी लोकनीती. पण राजकारणापासून लांब राहणारी संघटनाही सत्तेबद्दल काहीतरी भूमिका घेतच असते, आणि हे ठरवायची वेळ येते तेव्हा तिची निर्णयाची पद्धत कसोटीला लागते. संघाची पद्धत होती सर्वसंमतीची. मतदान नाही. बहुमताने अल्पमताला खाली दाबायचं नाही. एकही सदस्य ठामपणे विरोधात असेल तर ठराव होणार नाही. पंचवीस वर्षं ही पद्धत चालली, कारण मोठा मतभेद कधी झालाच नाही; आणि तो झाला नाही याचं कारण विनोबा होते.

त्यांचं पायी निघणंही एका वार्षिक संमेलनातूनच आलं. 1951 चं संमेलन हैदराबादजवळ शिवरामपल्लीला होतं. विनोबा पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग करत होते, पैशाशिवाय शेती आणि जगणं. जाण्याचा विचार नव्हता. शंकरराव देवांनी गळ घातली, तेव्हा येतो पण चालत येतो, असं म्हणून ते वर्ध्याहून निघाले. सुमारे तीनशे मैल. संमेलन झालं, परतताना तेलंगण. 18 एप्रिलला पोचमपल्लीत दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली. भूदानाची पुढची कथा सर्वांना माहीत आहे.

कमी माहीत आहे ती कार्यकर्त्यांची कथा. 1957 पर्यंत पाच कोटी एकर हे लक्ष्य होतं. मिळाली ती सगळी मिळून बेचाळीस लाख एकरांच्या आसपास, आणि त्यातली कितीतरी खडकाळ, नदीपात्रातली किंवा कज्ज्यातली. तरीही हा आकडा थोडा नाही. कायद्याच्या बडग्याशिवाय एवढी जमीन या देशात आधी कधी हलली नव्हती. ती मागायला जे गेले त्यांत शिक्षकी सोडलेले होते, वकिली सोडलेले होते, कॉलेज अर्धवट टाकलेली मुलं-मुली होत्या. 1954 मध्ये बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायणांनी जीवनदान जाहीर केलं आणि त्यांच्या मागून पाचशेंवर माणसांनी आपली उरलेली आयुष्यं या कामाला देऊन टाकली. ज्या समाजवाद्यांनी जयप्रकाशांना भावी पंतप्रधान म्हणून पाहिलं होतं त्यांच्यावर हा आघातच होता. प्रजा समाजवादी पक्षातले एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे मागे राहिले आणि पक्ष ओढत राहिले. त्याच वर्षी त्रावणकोर-कोचीनमधल्या त्यांच्याच पक्षाच्या सरकारने गोळीबार केला आणि त्यावरून नोव्हेंबरात नागपूरच्या अधिवेशनात लोहिया आणि बाकीचे नेते एकमेकांसमोर उभे ठाकले. एका लहान पक्षाचे कार्यकर्ते तेव्हा नागपुरात खचत होते, आणि तिथून पन्नास मैलांवर वर्ध्यात दुसरा गट आपण पक्षाच्या पलीकडे गेलो म्हणून आनंदात होता. वीस वर्षांनी खचण्याची पाळी त्यांच्यावर आली.

पहिला हादरा 1956 च्या शेवटी बसला. तमिळनाडूतल्या पळणीला संघाने ठरवलं की भूदान समित्या विसर्जित करायच्या आणि गांधी स्मारक निधीतून येणारे पैसेही थांबवायचे. याला तंत्रमुक्ती म्हटलं गेलं. विचार मोठा होता: आंदोलन लोकांच्या आधाराने चालावं, निधीच्या नव्हे. पण ज्याचं घर महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावर चालत होतं त्याच्या बायकोने काय करायचं, याचा हिशेब त्या ठरावात नव्हता. कितीतरी जण गुपचूप मास्तरकीकडे, शेतीकडे परतले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, म्हणूनच त्यांची नोंद कुठे झाली नाही.

मग लोकाधार म्हणून सर्वोदय पात्र आलं. घरात एक मडकं ठेवायचं आणि रोज लहान मुलाने आपल्या मुठीने त्यात धान्य टाकायचं. मूठ मुलाची, कारण त्याच्या हातून ते संस्कार म्हणून व्हावं. महिन्याने कार्यकर्ता येऊन ते धान्य घेऊन जाणार आणि त्यावर त्याचं पोट चालणार. आणि 12 फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थी धाम नदीत सोडल्या त्या दिवशी, पवनारला मेळा. त्यात प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी वाहायची. गुंडी म्हणजे 640 तार. रोज थोडं थोडं कातून ती भरते, पेळू नीट नसला तर सूत तुटतं, सांधावं लागतं, आणि कातणाऱ्याला शेवटी आपली गुंडी शंभरांत ओळखू येते. ही गुंडी म्हणजे सर्वोदयाला दिलेलं मत, असं विनोबा म्हणत. ज्या संघटनेने आत मतदान नाकारलं तिने बाहेरच्या माणसाकडून मत मागितलं ते या रूपात, आणि लोकांनी ते दिलं. दूरदूरच्या खेड्यांतून बायाबापड्या पिशवीत गुंडी घेऊन यायच्या.

1960 च्या दशकात भूदानाचं ग्रामदान झालं, म्हणजे गावाने मिळून जमिनीची मालकी ग्रामसभेला द्यायची; अटी सैल करून ग्रामदानाचं सुलभ ग्रामदान झालं, आणि आकडे फुगायला लागले. प्रखंडदान, जिल्हादान, आणि 1969 मध्ये राजगीरच्या संमेलनात बिहारदान जाहीर झालं. पुढच्या वर्षी जयप्रकाश मुझफ्फरपूरजवळ मुसहरीला जाऊन राहिले. नक्षलवाद्यांनी दोन सर्वोदय कार्यकर्त्यांना धमकी दिली होती म्हणून ते धावून गेले. झोपडीझोपडीत फिरल्यावर त्यांना दिसलं की ग्रामदान कागदावर आहे, मजुरी जुनीच आहे आणि भूमिहीन माणूस होता तिथेच आहे. त्यांनी हे लपवलं नाही, लिहून छापलं. माझ्या मते फूट तिथेच पडली, 1974 मध्ये ती फक्त उघडी झाली. एकाच आंदोलनाचे दोन सर्वांत मोठे साधक एकाच अपयशाकडे बघत होते. विनोबा आणखी सूक्ष्मात गेले. 1970 मध्ये पवनारला परतून त्यांनी क्षेत्रसंन्यास, म्हणजे एकाच जागी राहण्याचं व्रत, घेतला. जयप्रकाश संघर्षाकडे वळले.

दोघांत वैर नव्हतं, हे आवर्जून सांगायला हवं. डिसेंबर 1973 मध्ये तरुणांनी लोकशाहीच्या रक्षणासाठी पुढे यावं असं आवाहन जयप्रकाशांनी काढलं ते पवनारहूनच. त्यानंतरच्या सहा महिन्यांत गुजरात पेटला, मार्चमध्ये बिहारचे विद्यार्थी रस्त्यावर आले, एप्रिलमध्ये पाटण्यात तोंडाला पट्ट्या बांधून मूक मोर्चा निघाला आणि 5 जूनला गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीचा पुकार झाला. विधानसभा बरखास्त करा ही मागणी त्यात होती. लोकसेवकाच्या निष्ठापत्राशी हे जुळतं का, हा प्रश्न आता टाळता येईना.

जुलै 1974 मध्ये सर्व सेवा संघ वर्ध्याला जमला. अध्यक्ष सिद्धराज ढड्ढा, मंत्री वर्ध्याचेच ठाकुरदास बंग. दोघांचाही कल जयप्रकाशांकडे. नारायणभाई देसाई, आचार्य राममूर्ती, मनमोहन चौधरी हेही तिकडेच. सदस्यांचं मोठं बहुमत आंदोलनाच्या बाजूने होतं. दुसऱ्या बाजूला थोडे, पण ठाम: सरकारशी थेट झुंज ही आपली रीत नव्हे, यात पक्ष घुसतील, जनसंघ घुसेल, आणि हिंसा आली तर कोण आवरणार. ही भीती पोकळ नव्हती. पक्ष खरोखरच आले. 4 नोव्हेंबरला पाटण्यात जयप्रकाशांवर पडणाऱ्या लाठ्या अंगावर घेणारा माणूस हिंगोलीकडच्या कडोळीचा नानाजी देशमुख होता, जनसंघाचा संघटक.

कोणत्याही पक्षात अशा वेळी हात वर होतात, एक बाजू हरते आणि पुढच्या अधिवेशनाची तयारी करते. इथे हात वर करायची सोयच नव्हती. बहुमत असून ठराव करता येईना आणि अल्पमत असून माघार घेता येईना. राजीनाम्यांची भाषा सुरू झाली. शेवटी तोडगा विनोबांनीच दिला: ज्यांना बिहारच्या आंदोलनात जायचं त्यांनी जावं, ज्यांना ग्रामस्वराज्याचं काम करायचं त्यांनी ते करावं, बंधन एवढंच की सत्य, अहिंसा आणि संयम सुटता कामा नये. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण मतभेद जिथे होता तिथेच राहिला, आणि तो मिटवायला पुन्हा त्याच एका माणसाकडे जावं लागलं हेही तसंच राहिलं.

25 डिसेंबर 1974 रोजी विनोबांनी वर्षभराचं मौन धरलं. प्रश्न आला की कागदावर चार शब्द लिहीत, कधी नुसता हात हलवत. मार्च 1975 मध्ये संघाचे सदस्य पवनारला जमले तेव्हा पंचच मौनात होता. त्या बैठकीला गेलेल्यांच्या मनाची अवस्था काय असेल याचा विचार करून पाहा. वीस-पंचवीस वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, एकमेकांच्या मुलांची नावं ठेवलेली, एका पदयात्रेत एका सतरंजीवर झोपलेली. दादा धर्माधिकाऱ्यांसारखी माणसं दोन्हीकडे जाऊन बोलत होती. तोडगा निघाला नाही. विनोबांचं मौन संपेपर्यंत संघाने संघ म्हणून काही बोलू नये, करू नये, प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर आपलं काम करावं, एवढ्यावर मंडळी उठली. 1948 मध्ये जो संघ सेवाग्रामला जन्मला तो असा तिथून काही मैलांवर स्वतःहून थांबला.

तीन महिन्यांत आणीबाणी आली. संघाच्या आवाजाची देशाला सर्वांत जास्त गरज होती त्या घडीला संघ मुका होता. जयप्रकाश अटकेत, शेकडो लोकसेवक तुरुंगात. आणि पवनारहून बातमी आली ती अनुशासन पर्वाची. भेटीला आलेल्या काँग्रेसच्या वसंतराव साठ्यांना मौनातल्या विनोबांनी महाभारतातल्या पर्वाचं ते नाव दाखवलं. सरकारने ते उचललं आणि आणीबाणीला संतांचा आशीर्वाद म्हणून देशभर भिंतींवर लावलं. सरकारी संत ही शिवी महाराष्ट्रात तेव्हापासून चालू झाली आणि अजून थांबलेली नाही.

ज्या कार्यकर्त्याने आपलं तारुण्य या माणसाच्या मागे चालत घालवलं होतं, त्याने तुरुंगाच्या कोठडीत हे दोन शब्द वाचले असतील तेव्हा त्याला काय वाटलं असेल? काही जणांनी चरखा चालू ठेवला आणि पवनारला पुन्हा पाय ठेवला नाही. काही जण विनोबांवरची श्रद्धा आणि जयप्रकाशांवरचं प्रेम दोन्ही मनात धरून आयुष्यभर अवघडून राहिले. मला या दुसऱ्या माणसांबद्दल फार वाटतं. त्यांना कोणत्याच बाजूने आपलं म्हटलं नाही.

डिसेंबर 1975 चा महिना मराठी माणसाने विसरू नये असा आहे. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात यशवंतराव चव्हाण मंचावर असताना दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला उभं केलं. मूत्रपिंडं निकामी झालेले जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोकमध्ये होते. आणि 25 तारखेला पवनारला विनोबांचं मौन सुटलं. त्यांनी खुलासा केला: सत्तेचं ते शासन, अनुशासन आचार्यांचं असतं, निर्भय, निर्वैर, निष्पक्ष अशा माणसांनी समाजाला वाट दाखवायची. जानेवारी 1976 मध्ये श्रीमन्नारायण यांच्या पुढाकाराने पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं आणि देश लवकर पूर्ववत व्हावा, अटकेतल्यांना सोडावं, असा सौम्य पण सरळ सूर त्यांनी लावला. दिल्लीला तो रुचला नाही. त्याच उन्हाळ्यात गोवधबंदीसाठी उपोषणाची घोषणा छापली म्हणून पोलिसांनी पवनार आश्रमात येऊन मैत्री मासिकाच्या प्रती उचलून नेल्या. म्हणजे विनोबांनाही आणीबाणीने सोडलं नाही. पण खुलाशाला सहा महिने उशीर झाला होता, आणि भिंतीवरची पत्रकं खुलाशाने निघत नसतात. विनोबांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही मला म्हणावं लागतं की त्या दोन शब्दांचा दुरुपयोग होतोय हे दिसल्यावर त्यांनी त्याच कागदावर तिसरा शब्द लिहायला हवा होता. मौनात लेखणी चालत होती.

विचारांतली ही फूट कोणत्या टोकाला गेली ते दोन घटना सांगतात. बडोद्याहून निघणाऱ्या सर्वोदयी भूमिपुत्रचे संपादक चुनीभाई वैद्य सेन्सॉरशी लढत गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये जिंकले. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या इतिहासात तो खटला मानाने सांगितला जातो. आणि पवनारजवळ सुरगावला प्रभाकर शर्मा नावाच्या वयोवृद्ध सर्वोदय सेवकाने ऑक्टोबर 1976 मध्ये सरकारच्या दडपशाहीचा निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतलं. वर्तमानपत्रांत ते येऊ शकलं नाही. आजही वर्धा जिल्ह्याबाहेर किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

1977 मध्ये जयप्रकाशांच्या बाजूचे लोक जिंकले असं वाटलं. दोन वर्षांत जनता पक्ष भांडून फुटला आणि 8 ऑक्टोबर 1979 रोजी जयप्रकाश गेले, जिवाला लागलेली निराशा घेऊन. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये अन्नपाणी सोडलं आणि 15 तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. संघ पुन्हा उभा राहिला, संमेलनं पुन्हा भरू लागली, पण त्या गर्दीत पंचविशीतली माणसं दरवर्षी कमी दिसत गेली.

हा इतिहास सांगताना चूक कुणाची, विनोबांची की जयप्रकाशांची, असा वाद घालायची आपल्याला सवय आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. 1948 मध्ये सेवाग्रामला जमलेल्या माणसांना मार्गदर्शक हरवल्याचं दुःख होतं आणि त्यांनी तीन वर्षांत नवा मार्गदर्शक मिळवला. त्याच्या प्रभेत सर्वसंमती सोपी झाली. मोठ्याने भांडायची, हरायची आणि हरून बरोबर राहायची सवय त्या पंचवीस वर्षांत संघाला लागलीच नाही. ती असती तर जुलै 1974 मध्ये संघाने आंदोलनाला पाठिंबा दिला असता, अल्पमताने आपला विरोध नोंदवला असता, आणि आणीबाणीत एक जिवंत संघटना देशासमोर उभी असती. सर्वसंमती हे फार उंच मूल्य आहे. ते पेलायला मोकळेपणाने नाही म्हणणारी माणसं लागतात.

सर्व सेवा संघाची कचेरी आज सेवाग्रामलाच महादेव भवनात आहे. वाराणसीला राजघाटावर संघाचा मोठा परिसर होता. तिथून सर्वोदयाची पुस्तकं छापून देशभर जात. जमिनीच्या मालकीवरून रेल्वेशी वाद होऊन ऑगस्ट 2023 मध्ये त्या इमारती बुलडोझरने पाडल्या. त्या आधी तिथली पुस्तकं बाहेर काढली गेली ती उघड्यावर.

म्हणून वाचकांना एक विनंती. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, धुळे, कोल्हापूर, ज्या ज्या जिल्ह्यांत भूदानाच्या पदयात्रा गेल्या तिथल्या कितीतरी घरांत आजोबांची किंवा आत्याची ट्रंक आहे. त्यात दैनंदिन्या आहेत, दानपत्रांच्या नकला आहेत, 1974-75 मध्ये एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत. नेत्यांची भाषणं छापली गेली; या माणसांचं काहीच छापलं गेलं नाही. तो कागद वाळवीच्या आधी वाचा, त्याचे फोटो काढा, जे कुणी हयात आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, आणि सेवाग्रामला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत पोचवा. त्यांतली बरीच माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.